कर्ण्यातून नुसतीच बासरी

"गायब! अरे, गाणारी बाई गायब झाली!"

टाचणी इतक्या जोरात ओरडली, की शेजारी पालथा पडून शब्दकोडं सोडवणाऱ्या शंकासुराच्या हातून पेन्सिल निसटली.

"कुठून गायब झाली?"

"गाण्यातून! वाद्यं सगळी वाजतायत, पण बाईचा पत्ता नाही!"

"कशावरून?"

हा 'कशावरून' म्हणजे शंकासुराचा श्वास होता. आज मंगळवार आहे म्हटलं तरी तो 'कशावरून?' विचारायचा, म्हणून तर त्याला हे नाव पडलं होतं. टाचणीचं नाव मात्र तिच्या बारीक अंगकाठीवरून पडलं, असं तिची आई म्हणे. बाकी सगळ्यांचं मत, ती नको तिथे घुसते आणि टोचते, म्हणून पडलं.

सुट्टी लागल्यापासून टाचणी, तिचे बाबा आणि धाकटा भाऊ बटण मावशीकडे राहायला आले होते. शंकासुर मावशीचा मुलगा. मावशी धरणाच्या कार्यालयात टेलिफोनवर कामाला होती, त्यामुळे घर धरणाजवळच्या टेकडीवर, कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत होतं. घरातला चांगला प्लेअर आणि कानभर बसणारा चांगला हेडफोन दुपारीच बाबांनी पळवला होता. या दोघांच्या वाट्याला आला होता एक जुनापुराणा प्लेअर आणि वायर कुरतडलेला हेडफोन. मग टाचणीने त्याला ओढून, पिळून, वाकवून पाहिलं नसतं तरच नवल!

"हे बघ, पिन पूर्ण आत. काय ऐकू येतंय?"

"बाई गातेय," शंकासुर म्हणाला.

"आता पिन हळूच अर्धी बाहेर ओढते. आता?"

शंकासुराचे डोळे विस्फारले. वाद्यं पोकळ, लांबून आल्यासारखी वाजत होती. आणि बाई खरंच गेली होती! जणू स्टुडिओतून चहा प्यायला उठून गेली. त्याने पिन आत ढकलली, बाई आली. बाहेर ओढली, बाई गेली. त्याने हा प्रकार निदान बारा वेळा केला. मग दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. तीन गाण्यांतले तीन गाणारे उडाले!

"पिन अर्धीच बसली की एका वायरीचा संबंध तुटतो," कपाळाला आठ्या घालून तो म्हणाला. "मग दोन्ही कानांत जे अगदी सारखं असतं, ते कापलं जातं. गाणारा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो जातो. असं असावं."

"कशावरून?" टाचणीने संधी साधली.

"गप गं! अजून काही आहे का यात?"

"मावशीची घोषणा आहे, तिने ऐकायला भरून आणलेली. तिचा पण आवाज पुसू या!"

मावशीची घोषणा म्हणजे घरात चार दिवस चाललेला एकमेव विषय. आजपर्यंत धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी एक पहारेकरी शिट्टी फुंकत नदीकाठाने फिरायचा आणि माणसांना पात्रातून बाहेर काढायचा. पण नव्या साहेबांनी त्याची कार्यालयात बदली केली आणि मावशीच्या गोड आवाजात घोषणा रेकॉर्ड करून घेतली. मागे मंद बासरी. आज दुपारी साडेतीनला आणि पावणेचारला ती नदीकाठच्या कर्ण्यावरून पहिल्यांदा वाजणार होती आणि चार वाजता दरवाजे उघडणार होते. मावशी नवी साडी नेसून कामावर गेली होती!

टाचणीने घोषणा लावली. बासरी सुरू झाली आणि त्यावर मावशीचा आवाज आला. "सावधान! थोड्याच वेळात धरणाचे दरवाजे उघडण्यात येणार आहेत. कृपया नदीपात्रातून ताबडतोब बाहेर या."

"आवाज कसातरीच येतोय ना?" टाचणी म्हणाली. "डोक्याच्या मागून आल्यासारखा."

"साहेब म्हणतात तो खास इफेक्ट आहे. माइकची वायर त्यांनी स्वतः जोडली. आईला म्हणाले, पाच मिनिटांचं काम, त्याला कारागीर कशाला?"

टाचणीने पिन अर्धी बाहेर ओढली आणि ती दचकलीच. बासरी नाहीशी झाली. मावशी तशीच होती. उलट आणखी ठणठणीत!

"हे उलटंच झालं! सगळ्यांचा आवाज जातो, मावशीचा जात नाही. बासरीच गेली!"

या वेळी शंकासुराने 'कशावरून' विचारलं नाही. हेडफोन कानाला लावून त्याने घोषणा पुन्हा पुन्हा ऐकली. मग अचानक उठला आणि कपाटावरचा जुना रेडिओ काढून घेऊन आला. त्याला एकच स्पीकर होता आणि मागे प्लेअर जोडायला भोक होतं.

"टाचणे, गाणं जर दोन्ही कानांत सारखं असतं, तर आईचा आवाज दोन कानांत उलटा आहे. एका कानात ढकलतोय, दुसऱ्या कानात ओढतोय. हेडफोनला दोन कान वेगळे, म्हणून चालून जातं. पण दोन्ही आवाज एकाच स्पीकरमध्ये गेले तर?"

"तर?"

"एकच दार तू अलीकडून ढकललंस आणि मी पलीकडून, तर दार हलेल का?"

टाचणीने वायर शोधून प्लेअर रेडिओला जोडला. बासरी वाजू लागली. गोड, संथ, निवांत. पंधरा सेकंद झाली, तीस सेकंद झाली. बासरी संपली. मावशीचा एक शब्दही आला नाही.

"नदीवरच्या कर्ण्याला किती स्पीकर आहेत?" टाचणीने विचारलं.

"कर्णे चार आहेत. पण चारींना एकच वायर जाते. म्हणजे एकच स्पीकर समज."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. कारण बाबा आणि बटण नदीवर गेले होते! पात्राच्या मधोमध एक भलामोठा काळा खडक होता आणि या दिवसांत घोट्याएवढ्या पाण्यातून चालत तिथे जाता यायचं. निघताना बाबांनी विचारलंही होतं, "परत कधी निघायचं?" आणि मावशी हसत म्हणाली होती, "कर्ण्यातून माझा आवाज आला की निघा, भाऊजी!"

टाचणी धावत जाऊन बाबांचा नंबर लावू लागली. पलीकडच्या खोलीत, उशीपाशी, बाबांचा फोन गाऊ लागला. बाबा फोन घरीच चार्जिंगला ठेवून गेले होते.

घड्याळात तीन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती.

"नदीवर जायला पाऊण तास लागेल," शंकासुर चपला शोधत म्हणाला. "कार्यालयाचा फोन नेहमी एंगेजच असतो. त्यापेक्षा कार्यालय दहा मिनिटांवर आहे. पळ!"

दोघं पळत सुटली. वळणावर पोचतात न पोचतात तोच खालून, दरीतून, वाऱ्यावर सूर आले. टाचणी जागीच थबकली. बासरी! चारी कर्णे एका सुरात बासरी वाजवत होते. ऐकायला इतकं छान वाटत होतं, की तिच्या अंगावर काटा आला. सूर थांबले. सावधान नाही, दरवाजे नाहीत, बाहेर या नाही. काही काही नाही!

"लोकांना वाटेल, करमणुकीला लावलीय," शंकासुर पुटपुटला, आणि दोघं पुन्हा जिवाच्या आकांताने पळू लागली.

कार्यालयाच्या खिडक्या बंद होत्या. आत गार हवा सोडली होती. साहेब खुर्चीत रेलून चहा पीत होते, कारकून फाइल चाळत होता आणि मावशी टेलिफोनपाशी बसली होती. दोघांना घामाघूम पाहून ती ताडकन उठली.

"काय रे? पडलात की काय कुठे?"

"मावशी, तुझा आवाज जातच नाहीये! नुसती बासरी वाजतेय! बाबा आणि बटण खडकावर आहेत!"

मावशीचा चेहरा पडला. साहेब मात्र हसले. अगदी प्रेमाने हसले, आणि त्याचाच टाचणीला जास्त राग आला.

"बाळ, ही तांत्रिक गोष्ट आहे. तुमच्या खेळण्यातल्या प्लेअरचं काय सांगतेस? हा घे हेडफोन. ऐक! येतोय की नाही आवाज? मी ऐकला, कारकुनांनी ऐकला, तुझ्या मावशीने ऐकला. वहीत तीन सह्या आहेत. तीन सह्या झाल्याशिवाय दरवाजे उघडायचेच नाहीत, हा नियम मीच केलाय!"

"पण साहेब, हेडफोनला दोन कान असतात, कर्ण्याला..."

"पुरे! माझा चहा गार होतोय."

टाचणीने टेबलावरची वही पाहिली. तीन सह्या होत्या खऱ्या. पण त्यांच्यावर रकान्याला ठळक अक्षरांत नाव दिलं होतं, 'प्रत्यक्ष नदीकाठी उभे राहून ऐकले'.

"मावशी, तू नदीकाठी कधी गेलीस?" तिने हळूच विचारलं.

मावशीने मान खाली घातली. "नाही गं गेले. इथेच हेडफोन फिरवला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. उन्हाचं कोण उतरणार खाली, असं म्हणत राहिलो सगळे."

टाचणीला धक्काच बसला. शाळेत गृहपाठ न करता 'केला' म्हटलं तर छड्या, आणि इथे तीन मोठी माणसं न जाता 'गेलो' म्हणून सही करून मोकळी!

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचारला एकच मिनिट कमी होतं. टाचणीने शंकासुराला कोपराने ढोसलं. शंकासुर साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, हा इफेक्ट तुम्ही नक्की कसा केलात? मला शिकायचंय."

साहेबांची कळी खुलली. "अरे वा! हे बघ, माइकच्या वायरीला पुढे दोन फाटे काढले, एक डावा, एक उजवा..."

साहेब रंगात आले होते, तेवढ्यात टाचणीने कडी काढली आणि खिडकीच्या दोन्ही झडपा धाडकन उघडल्या!

"कोण आहे रे तिकडे? उन्हाचा झोत येतोय!" साहेब ओरडले आणि ओरडता ओरडता थांबले. कारण उन्हाबरोबर दरीतून बासरीही आत आली. कारकुनाने फाइल खाली ठेवली. सगळे कान देऊन ऐकत होते. बासरी वाजली, वाजली आणि थांबली.

"माझा आवाज?" मावशी म्हणाली. "माझा आवाज कुठे गेला?"

साहेबांनी कप टेबलावर आदळला. "असं कसं? मी ऐकलाय! स्वतः ऐकलाय!" त्यांनी झटकन माइक ओढला, कळ दाबली आणि स्वतःच ओरडू लागले, "सावधान! सावधान! सगळे बाहेर या!"

टाचणी खिडकीत वाकून ऐकत होती. दरी शांत होती. एक पक्षी तेवढा ओरडला.

"साहेब, ती तीच वायर आहे!" शंकासुर किंचाळला. "तुमचाही आवाज कापला जातोय!"

"मग? मग करायचं काय?" साहेबांनी विचारलं. बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी हे विचारलं!

उत्तर टाचणीच्या हातांना सुचलं. डोक्याला कळायच्या आत तिने यंत्रापाशी झेप घेतली. वायरीचे दोन फाटे, दोन पिना. दोघं एकमेकांना खोडून काढत असतील, तर एकाला हाकलून द्यायचं! तिने उजवी पिन धरली आणि खस्सकन उपटली.

"बोल, मावशी!"

मावशीने माइक घेतला. "सावधान!"

आणि दरीतून, चारी कर्ण्यांतून, मावशी गर्जली. सावधान! खिडकीची तावदानं थरथरली. कारकून खुर्चीतून अर्धा उठला. मावशीने पूर्ण घोषणा दोनदा केली. दुसऱ्या वेळी तिचा आवाज रेकॉर्डिंगमधल्यासारखा गोड उरला नव्हता.

टेबलावरच्या अंतर्गत टेलिफोनची घंटी वाजली. वर दरवाज्यांच्या खोलीतले काका फोनच्या स्पीकरवर बोलत होते. "साहेब, लोक निघालेत हो! कपडे, भांडी, सगळं उचलून पळतायत. काठ रिकामा झाला!"

"हुश्श!" साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. तीन वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. "झालं ना मग? चारला दरवाजे उघडा. वेळ चुकायला नको."

"काका, खडकावरचे दोघं निघाले का?" टाचणीने विचारलं.

"पोरी, इथून खडकाची पाठ दिसते फक्त. पलीकडे कोणी असलं तर मला नाही दिसायचं."

"अगं, एवढा आवाज झाला, निघालेच असतील ते," साहेब म्हणाले.

"कशावरून?" शंकासुर म्हणाला.

तो एकच शब्द होता, पण टाचणीला एकदम आठवलं. चांगला प्लेअर आणि कानभर बसणारा हेडफोन! बाबा खडकाच्या सावलीत आडवे झाले असणार, डोळे मिटून, गाणी ऐकत. घरातही तो हेडफोन लावला की त्यांना दारावरची घंटी ऐकू यायची नाही. आणि बटण? तो पाच वर्षांचा होता. कर्ण्यातली बाई 'नदीपात्र' म्हणतेय म्हणजे काय, ते त्याला काय कळणार!

"बाबांच्या कानावर हेडफोन आहे," ती म्हणाली. "साहेब, दरवाजे थांबवा. पाया पडते तुमच्या!"

"अंदाजावर दरवाजे थांबत नसतात. खालचं गाव पाण्याची वाट बघतंय. तीन सह्या झाल्या आहेत, माणसं बाहेर आली आहेत..."

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं. टाचणीला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात तिची नजर वहीवर गेली.

"मावशी! यातली एक सही तुझी आहे ना? खोड ती!"

मावशीने साहेबांकडे पाहिलं. सही खोडायची म्हणजे आपण खोटी सही केली, हे चारचौघांत कबूल करायचं. अकरा वर्षांची नोकरी होती तिची. तिने पेन उचललं आणि आपल्या सहीवर अशी रेघ मारली, की खालचं पान फाटलं. मग टेलिफोन उचलून ती म्हणाली, "दादा, वहीत दोनच सह्या आहेत. तिसरी मी खोडलीय. मी नदीकाठी गेलेच नव्हते."

काका म्हणाले, "तिसरी सही नाही, तर दरवाजा नाही. साहेबांच्याच अक्षरात इथे भिंतीवर लावलंय."

साहेब आपल्याच नियमात अडकले होते.

मावशीने पुन्हा माइक घेतला. या वेळी तिने समोरचा कागद पालथा घातला.

"बटण्या! ए बटण्या! मी मावशी बोलतेय. बाबांच्या कानावरचं ते काळं काढ. जोरात ओढ! आणि बाबांना सांग, मावशी ओरडतेय, पळा!"

घोषणेत असं कधी कोणी बोललं नसेल. सगळेच खिडकीत गोळा झाले. घड्याळाचा काटा चारवर आला, चारच्या पुढे गेला. टाचणीने शंकासुराचा हात इतका घट्ट धरला होता, की त्यावर नखं उमटली.

टेलिफोनची घंटी वाजली.

"साहेब!" काकांचा आवाज फाटला होता. "खडकामागून निघाले! एक छोटा पुढे, एक मोठा मागे! मोठ्याच्या गळ्यात कसलीतरी वायर लोंबतेय! अरे देवा, मी तर दरवाज्याच्या कळीवर हात ठेवला होता!"

मावशी मटकन खुर्चीत बसली आणि रडू लागली. साहेब भिंतीला टेकले.

त्या दिवशी दरवाजे पाच वाजून दहा मिनिटांनी उघडले. त्याआधी शंकासुराने वायर उघडून उलटे जोडलेले दोन धागे साहेबांना दाखवले आणि कारकून स्वतः मोटरसायकलने नदीकाठी जाऊन ऐकून आला. बाबा बटणला कडेवर घेऊन सगळ्यांबरोबर कार्यालयाच्या गच्चीवर उभे होते. पाणी आलं ते हळूहळू नाही, भिंत चालत यावी तसं आलं. काळा खडक आत्ता होता आणि आत्ता नव्हता. टाचणीने मनात आकडे मोजले होते, ती अठरापर्यंतच पोचली होती.

"मला वाटलं, एवढं गाणं संपलं की निघू," बाबा म्हणाले. त्यांनी टाचणीला जवळ ओढलं आणि बटणसकट मिठी मारली.

"मावशी, तुला कसं कळलं, मी खडकामागे आहे?" बटणने विचारलं.

"मला नाही रे कळलं. तुझ्या ताईला आणि दादाला कळलं."

साहेब पुढे आले. दुपारपासून ते दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी आधी मावशीपुढे हात जोडले. मग ते मुलांकडे वळले.

"तुमच्या प्लेअरला मी खेळण्यातला म्हणून हिणवलं. शाबास म्हणायची माझी लायकी नाही, पण म्हणतो. शाबास रे पोरांनो! आज तुम्ही नसतात तर मी उभ्या जन्मात झोपू शकलो नसतो. उद्या वरच्या कार्यालयाला सगळं लिहून कळवणार आहे. चूक माझी, हेसुद्धा. आणि त्या पहारेकऱ्याला शिट्टीसकट परत बोलावतो."

"कशावरून?" शंकासुराच्या तोंडून सवयीने निघून गेलं आणि त्याने जीभ चावली. बाबा रडता रडता हसू लागले. मग सगळेच हसू लागले.

साहेब हसले नाहीत. "उद्या सकाळी दाखवतो," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजे बंद होते आणि पात्रात पुन्हा घोट्याएवढं पाणी होतं. त्यात पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून साहेब ठेचकाळत ठेचकाळत खडकावर जाऊन उभे राहिले. भर उन्हात. वर खिडकीत टाचणी, शंकासुर आणि मावशी होती. मावशीने माइक टाचणीच्या हातात दिला.

"साहेब," टाचणी म्हणाली आणि तिचा आवाज नदीभर पसरला, "ऐकू येत असेल तर हात वर करा!"

लांब खाली, खडकावर, साहेबांनी दोन्ही हात वर केले. एका हातात बूट होते.